मायग्रेशन दर रिलीजला 'ऑलरेडी एक्झिस्ट्स' म्हणून अडते तेव्हा

रिलीजच्या रात्री नवे बिल्ड प्रॉडक्शनवर, म्हणजे ग्राहक वापरतात त्या सर्व्हरवर, चढते, ॲप्लिकेशन सुरू होताना फ्लायवे हे साधन प्रलंबित मायग्रेशन (डेटाबेसच्या रचनेत बदल करणाऱ्या फायली) चालवायला घेते, आणि काही सेकंदांतच पोस्टग्रेस या डेटाबेसकडून 'रिलेशन ऑलरेडी एक्झिस्ट्स' हा संदेश ४२पी०७ या कोडसह परत येतो. ॲप्लिकेशन उठत नाही. हीच फाईल स्टेजिंगवर, म्हणजे चाचणीच्या सर्व्हरवर, आठवडाभर बिनतक्रार चाललेली असते, सगळ्यांच्या लॅपटॉपवरही चाललेली असते. मग कोणीतरी प्रॉडक्शनवर जाऊन ती वस्तू हाताने काढून टाकतो किंवा फाईलमध्ये 'इफ नॉट एक्झिस्ट्स' (नसेल तरच तयार कर) घालतो, रिलीज कसेबसे पार पडते, आणि महिना-दीड महिन्यात दुसऱ्या टेबलावर तोच प्रकार नव्याने घडतो.

पतसंस्थांचे व्यवहार सांभाळणाऱ्या एका प्रणालीवर काम करताना आमच्याकडे हे चार महिन्यांत तीन वेळा झाले. तिसऱ्या वेळी केवळ तेवढी रात्र निभावून न नेता आम्ही मागचा माग काढत गेलो, तेव्हा असे दिसले की दोष मायग्रेशनच्या फाईलमध्ये नव्हता आणि फ्लायवेमध्येही नव्हता. भर दुपारी चालवलेल्या एका 'ऑल्टर टेबल'ने, म्हणजे टेबलाची रचना बदलणाऱ्या आज्ञेने, पूर्वी संपूर्ण प्रणाली दहा मिनिटे ठप्प केली होती. तेव्हापासून जड वाटणारा प्रत्येक बदल रात्री हाताने करण्याची सवय लागली होती, आणि हाताने केलेले ते बदल रिपॉझिटरीत, म्हणजे कोड आणि मायग्रेशन ठेवण्याच्या जागी, कधीच परत येत नव्हते. म्हणजे 'ऑलरेडी एक्झिस्ट्स' हे लॉकच्या, म्हणजे टेबल धरून इतरांना थांबवणाऱ्या कुलपाच्या, भीतीचे उशिरा दिसलेले लक्षण होते. ती भीती जाईपर्यंत हा संदेश येतच राहतो, हा आमचा अनुभव आहे. पुढचे विवेचन पोस्टग्रेस आणि फ्लायवे धरून केले आहे.

आधी संदेश नीट वाचावा

मायग्रेशन 'फेल झाले' एवढे सांगून भागत नाही, कारण तीन वेगळे आजार एकाच लाल ओळीत दिसतात. ४२पी०७ म्हणजे त्या नावाचे टेबल, इंडेक्स (शोध जलद करणारी सूची) किंवा व्ह्यू (साठवलेली क्वेरी) आधीच आहे. ४२७०१ म्हणजे कॉलम आधीच आहे. या दोन्हींचा अर्थ प्रॉडक्शनची रचना फ्लायवेने नोंदवलेल्या इतिहासाच्या पुढे गेली आहे, असा होतो. 'चेकसम मिसमॅच' ही तक्रार वेगळी आहे. फ्लायवे प्रत्येक फाईलच्या मजकुरावरून एक आकडा काढून 'फ्लायवे_स्कीमा_हिस्टरी' या टेबलात नोंदवून ठेवते, आणि पुढच्या वेळी तो जुळला नाही तर थांबते. चालून गेलेल्या फाईलमधली एखादी टिप्पणी सुधारली तरी हा आकडा बदलतो. तिसरा कोड ५५पी०३, म्हणजे लॉक ठरलेल्या वेळेत मिळाला नाही. हा दिसला तर खरे तर बरे वाटले पाहिजे, त्याचे कारण पुढे येईल.

पोस्टग्रेसमध्ये रचनेचे बहुतेक बदल ट्रान्झॅक्शनमध्ये, म्हणजे 'सगळे किंवा काहीच नाही' अशा गटात, होतात, त्यामुळे फाईल मध्येच अडली तर तिने केलेले सगळे मागे फिरते आणि इतिहासात अपयशाची नोंदही उरत नाही. मायएसक्यूएल आणि ओरॅकलमध्ये रचनेची प्रत्येक आज्ञा स्वतःच कमिट, म्हणजे कायम, करून टाकते. तिथे पाच आज्ञांच्या फाईलमधल्या पहिल्या दोन लागू होऊन तिसरी अडू शकते, आणि फाईल पुन्हा चालवली की पहिल्याच आज्ञेवर 'आधीच आहे' असे उत्तर येते. तुमचे डेटाबेस त्या घराण्यातले असेल, तर हाताने केलेला बदल शोधण्याआधी अर्धवट राहिलेले मायग्रेशन शोधावे.

येथे 'रिपेअर' या आज्ञेविषयी सावध करणे आवश्यक वाटते. ती इतिहासाच्या टेबलातील अपयशाच्या नोंदी काढते आणि चेकसम आजच्या फाईलशी जुळवून घेते, पण डेटाबेसच्या रचनेला हातही लावत नाही. त्यामुळे फाईल आणि प्रॉडक्शन यांत फरक असताना ती चालवणे म्हणजे रोजमेळ जुळत नाही म्हणून शिल्लकेचा आकडा खोडून नवा लिहिण्यासारखे आहे.

फरक डोळ्यांनी पाहावा

अंदाज बांधत बसण्यापेक्षा फरक मोजणे सोपे आहे. एक रिकामे डेटाबेस उभे करावे, त्यावर रिपॉझिटरीतली सर्व मायग्रेशन पहिल्यापासून चालवावीत, आणि 'पीजी_डंप' या साधनाने त्याची केवळ रचना काढून घ्यावी. प्रॉडक्शनचीही केवळ रचना तशीच काढावी. दोन्ही वेळी 'पीजी_डंप'ची आवृत्ती एकच असावी, मालकी आणि परवानग्यांच्या ओळी वगळाव्यात, आणि मग दोन फायली 'डिफ' या तुलना करणाऱ्या साधनाला द्याव्यात.

आमच्याकडे पहिल्यांदा हे केले तेव्हा एकोणीस ठिकाणी फरक निघाला. त्यातले पाच इंडेक्स केवळ प्रॉडक्शनवर होते. एक इंडेक्स दोन्हीकडे एकाच नावाने होता, पण कॉलमांचा क्रम उलटा होता. खातेदाराच्या पत्त्याचा एक कॉलम फाईलमध्ये शंभर अक्षरांचा आणि प्रॉडक्शनवर अडीचशेचा होता, कारण एका शाखेतून तक्रार आल्यावर कोणीतरी तो त्याच संध्याकाळी वाढवून दिला होता. सर्वांत अस्वस्थ करणारा फरक एका फंक्शनच्या बाबतीत होता, त्याविषयी स्वतंत्रपणे लिहितो.

हे बदल कोणी आणि केव्हा केले, हा प्रश्न लगेच पुढे येतो आणि तिथे निराशा होते, कारण पोस्टग्रेस आपल्या कॅटलॉगमध्ये, म्हणजे अंतर्गत माहितीच्या टेबलांत, टेबल किंवा इंडेक्स कधी तयार झाला याची वेळ ठेवत नाही. 'लॉग_स्टेटमेंट' या सेटिंगला 'डीडीएल' (रचनेच्या आज्ञा) ही किंमत दिलेली असेल तरच सर्व्हरच्या लॉगमध्ये ती आज्ञा सापडते, आणि मुळात ही सेटिंग बंद असते. ती आजच चालू करावी. मागचे कळणार नाही, पुढचे कळेल.

लोक हाताने का करतात

प्रॉडक्शनवर हाताने बदल करणाऱ्या सहकाऱ्याला बेशिस्त ठरवण्याआधी त्याने काय पाहिले होते हे समजून घ्यावे. आमच्या त्या दुपारी मार्चअखेरचे काम चालू होते. व्यवहारांच्या टेबलावर एक मोठा अहवाल चालला होता, म्हणजे एका साध्या 'सिलेक्ट'ने त्या टेबलावर वाचनाचा हलका लॉक धरला होता, आणि त्याच वेळी एका मायग्रेशनने त्या टेबलाला एक कॉलम जोडायला घेतला. कॉलम जोडण्याचे प्रत्यक्ष काम क्षणभराचे असते. पण त्यासाठी 'ॲक्सेस एक्स्क्लुझिव्ह' हा सर्वांत कडक लॉक लागतो, तो वाचनाच्या लॉकशीही जुळत नाही, म्हणून 'ऑल्टर टेबल' अहवाल संपण्याची वाट पाहत रांगेत उभे राहिले. इथपर्यंत कोणाचेच नुकसान नव्हते. अडचण अशी की पोस्टग्रेसची लॉकची रांग क्रमाने पुढे सरकते, त्यामुळे 'ऑल्टर'च्या मागून आलेले प्रत्येक साधे 'सिलेक्ट'ही, अहवालाशी त्याचा काहीही तंटा नसताना, 'ऑल्टर'च्या मागे थांबून राहिले. घाटात एखादा लांब ट्रेलर वळण घेण्यासाठी समोरचा रस्ता रिकामा होण्याची वाट पाहत उभा राहावा आणि मागे दुचाकीस्वारांनाही थांबावे लागावे, तसा हा प्रकार असतो.

पुढचे गणित सरळ आहे. आमच्या ॲप्लिकेशनचा कनेक्शन पूल, म्हणजे डेटाबेसच्या जोडण्यांचा तयार साठा, हिकारी होता. त्यात काही न सांगता दहा कनेक्शन मिळतात आणि कनेक्शनसाठी तीस सेकंद थांबून ॲप्लिकेशन त्रुटी देते. दहाही कनेक्शन त्या एका टेबलाच्या रांगेत अडकल्यावर त्या टेबलाशी संबंध नसलेली पानेही उघडेनाशी झाली. पिग्मी एजंटांचे मोबाईल ॲप बंद पडले आणि फोन वाजू लागले. लॉकसाठी किती थांबायचे ते ठरवणाऱ्या 'लॉक_टाइमआउट'ची मूळ किंमत शून्य असते, म्हणजे कितीही वेळ थांबण्याची मुभा असते, म्हणून 'ऑल्टर' स्वतःहून मागे हटले नाही.

असा प्रसंग आत्ता चालू असेल तर 'पीजी_स्टॅट_ॲक्टिव्हिटी'मध्ये थांबलेली सत्रे पाहावीत आणि प्रत्येकाच्या क्रमांकावर 'पीजी_ब्लॉकिंग_पिड्स' हे फंक्शन चालवावे. कोण कोणाला अडवतो आहे हे ते सांगते. बहुतेक वेळा साखळीच्या टोकाला एखादा अहवाल तरी असतो, नाहीतर 'आयडल इन ट्रान्झॅक्शन' अवस्थेतले सत्र असते, म्हणजे कोणीतरी आपल्या क्लायंटमध्ये ट्रान्झॅक्शन उघडून चहाला गेलेला असतो. त्या क्षणी अहवाल मारण्यापेक्षा मायग्रेशनच रद्द करावे. रांग लगेच सुटते, आणि फाईल ट्रान्झॅक्शनमध्ये असल्याने अर्धवट काही उरत नाही.

भीती घालवणारे बदल

पहिला आणि सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे प्रत्येक सर्वसाधारण मायग्रेशनच्या आरंभी 'सेट लोकल' करून 'लॉक_टाइमआउट' तीन सेकंदांचा ठेवणे. लॉक तीन सेकंदांत मिळाला नाही तर फाईल ५५पी०३ देऊन मागे फिरते, ग्राहकांना फार तर तीन सेकंदांचा अडथळा जाणवतो, आणि थोड्या वेळाने पुन्हा प्रयत्न करता येतो. म्हणूनच हा कोड दिसला तर बरे वाटावे, असे वर म्हटले. आमच्या पाइपलाइनमध्ये असे पाच प्रयत्न होतात आणि त्यानंतरच माणसाला जागे केले जाते.

दुसरा भाग म्हणजे कोणता बदल खरोखर जड आहे याविषयीच्या जुन्या समजुती तपासणे. कॉलम जोडताना डिफॉल्ट किंमत दिली तर सगळे टेबल पुन्हा लिहिले जाते, ही समजूत एके काळी खरी होती. २०१८ साली आलेल्या आवृत्ती ११ पासून स्थिर किंमतीसाठी ती खरी राहिलेली नाही. 'नॉट नल', म्हणजे रिकामी किंमत चालणार नाही ही अट, लावताना कडक लॉकखाली सगळ्या ओळी तपासल्या जातात. त्याऐवजी आधी 'नॉट व्हॅलिड' म्हणून (जुन्या ओळी न तपासता) एक चेक कन्स्ट्रेंट, म्हणजे तपासणीची अट, जोडावा, वेगळ्या फाईलमध्ये तो 'व्हॅलिडेट' करावा, ज्यादरम्यान वाचन आणि लेखन दोन्ही चालू राहते, आणि मग 'नॉट नल' लावावे. आवृत्ती १२ पासून पोस्टग्रेस त्या कन्स्ट्रेंटवर विश्वास ठेवून पुन्हा तपासणी करत नाही. व्हार्कार, म्हणजे मजकुराच्या, कॉलमची मर्यादा वाढवणे हलके आहे. 'इंटिजर'चा 'बिगइंट' करणे मात्र अजूनही सगळे टेबल पुन्हा लिहिते. त्याला नवा कॉलम, टप्प्याटप्प्याने भरणी आणि मग अदलाबदल, या लांबच्या वाटेला पर्याय नाही.

इंडेक्सच्या बाबतीत थोडे अधिक थांबावे लागेल, कारण हाताने केलेले बहुतेक बदल इंडेक्सचेच असतात. साधे 'क्रिएट इंडेक्स' पूर्ण होईपर्यंत टेबलावरचे लेखन थांबवते, आणि 'कन्करंटली' जोडले तर थांबवत नाही, हे सर्वांना ठाऊक असते. पण 'कन्करंटली' ट्रान्झॅक्शनमध्ये चालत नाही, म्हणून त्याची फाईल स्वतंत्र हवी आणि तिच्यात दुसरी कोणतीही आज्ञा नको. फ्लायवे अशी फाईल ओळखून ट्रान्झॅक्शनशिवाय चालवते. आमच्या एका सहकाऱ्याने हे सर्व नेमके केले होते, तरीही फाईल तासभर लटकून राहिली, आणि त्यानंतर त्याने इंडेक्स हाताने करण्याचा नियमच करून टाकला. कारण असे निघाले की फ्लायवे स्वतःच दुसऱ्या एका कनेक्शनवर ट्रान्झॅक्शन उघडे ठेवून त्यात आपला लॉक धरते, 'कन्करंटली' जुनी ट्रान्झॅक्शने संपण्याची वाट पाहते, आणि दोघे एकमेकांसाठी थांबतात. फ्लायवेच्या पोस्टग्रेससाठीच्या सेटिंगमध्ये 'ट्रान्झॅक्शनल लॉक'ची किंमत 'फॉल्स' केली की फ्लायवे सत्राच्या पातळीवरचा लॉक घेते आणि हा पेच सुटतो. ही एक ओळ आधी माहीत असती तर आमच्या एकोणीस फरकांतले निदान पाच झालेच नसते.

'कन्करंटली'च्या फाईलमध्ये वर सांगितलेली तीन सेकंदांची मर्यादा घालू नये. ती मध्येच तुटली तर अर्धवट इंडेक्स 'इनव्हॅलिड' अवस्थेत मागे राहतो, जो क्वेरीला उपयोगी पडत नाही, पण प्रत्येक लेखनावर खर्च मात्र घेत राहतो. आणि येथेच 'इफ नॉट एक्झिस्ट्स'चे खरे रूप दिसते. ती सूचना केवळ नाव पाहते. त्या नावाचा इंडेक्स वेगळ्या कॉलमांवर असो किंवा मोडका असो, ती 'आहे' म्हणून पुढे जाते, मायग्रेशन हिरवे होते, आणि क्वेरी मंद का चालते हे कोणालाच कळत नाही. 'पीजी_इंडेक्स' या कॅटलॉगमध्ये 'इंडइजव्हॅलिड' हा कॉलम 'फॉल्स' असलेल्या ओळी शोधाव्यात. आम्हाला दोन सापडल्या, त्यांपैकी एक कित्येक महिन्यांची जुनी होती.

साचलेला फरक निस्तरणे

प्रॉडक्शनवर चाललेली फाईल पुन्हा उघडू नये, या नियमाला आम्ही अपवाद ठेवला नाही. जी फाईल प्रॉडक्शनवर अडली आणि मागे फिरली ती मात्र अजून तिथे चाललेली नाही, म्हणून ती सुधारता येते. स्टेजिंग त्यामुळे तक्रार करते, तर ते शून्यापासून उभे करावे. स्टेजिंग पाडून उभे करता येत नसेल तर आधी तेच काम हाती घ्यावे, असे माझे मत आहे.

अडलेल्या रात्री आम्ही केले ते असे. प्रॉडक्शनवर हाताने केलेल्या इंडेक्सचे नाव बदलून त्याच्या शेवटी 'जुना' अशा अर्थाचा शब्द जोडला. आवृत्ती १२ पासून इंडेक्सचे नाव बदलताना टेबलावरचे वाचन-लेखन थांबत नाही. अडलेल्या फाईलमधून इंडेक्सची आज्ञा काढून फक्त कॉलम ठेवला, म्हणजे नव्या कोडला हवे ते लगेच मिळाले. इंडेक्ससाठी 'कन्करंटली'ची स्वतंत्र फाईल लिहिली, आणि तिच्यानंतरच्या फाईलमध्ये जुन्या नावाचा इंडेक्स 'इफ एक्झिस्ट्स' लावून 'कन्करंटली' काढून टाकला. रिकाम्या डेटाबेसवर ही शेवटची फाईल काहीच करत नाही, प्रॉडक्शनवर ती सफाई करते, आणि दोघे एकाच ठिकाणी पोहोचतात. या ठिकाणी 'इफ एक्झिस्ट्स' रास्त आहे, कारण ते नाव आम्हीच दिलेले आहे.

उरलेल्या अठरा फरकांसाठी एकच मोठी फाईल लिहिण्याचा मोह झाला होता. तो टाळला हे बरे झाले, कारण त्यातल्या तीन इंडेक्सची गरजच नव्हती हे वेगवेगळ्या फायली तपासताना कळले.

फंक्शनचा फरक

टेबल आणि इंडेक्सचे फरक निदान ओरडतात; फंक्शनचे फरक गप्प असतात. आमच्या प्रणालीत पिग्मी ठेवीवरचे व्याज काढणारे एक फंक्शन होते आणि ते रक्कम पूर्णांकात घेत असे. पैशांपर्यंतचा हिशेब हवा म्हणून कोणीतरी त्याचा प्रकार 'न्यूमेरिक' (दशांशासह आकडा) केला आणि 'क्रिएट ऑर रिप्लेस' चालवले. पोस्टग्रेसच्या दृष्टीने नावासोबत घटकांचे, म्हणजे फंक्शनला दिल्या जाणाऱ्या किंमतींचे, प्रकारही फंक्शनच्या ओळखीचा भाग असतात, त्यामुळे जुने बदलले गेले नाहीच. त्याच नावाचे दुसरे फंक्शन शेजारी उभे राहिले. पडद्यावरून जाणारी रक्कम 'न्यूमेरिक' असल्याने तिथे नवे चालले, आणि रात्रीचे काम रक्कम पूर्णांकात बदलून पाठवत असल्याने तिथे जुने चालत राहिले. एकाच खात्याचे व्याज दोन ठिकाणी काही पैशांनी वेगळे दिसू लागले आणि आम्ही आठवडाभर जावाच्या कोडमध्ये चूक शोधत बसलो. यापेक्षा, नवा घटक डिफॉल्ट किंमतीसह शेवटी जोडण्याची चूक परवडते, कारण तेव्हा जुनी हाक दोन्ही फंक्शनना लागू पडते आणि पोस्टग्रेस संदिग्धता सांगून सरळ त्रुटी देते.

यावर उपाय म्हणून फंक्शन आणि व्ह्यू क्रमांकित फायलींतून काढून 'आर' अक्षराने सुरू होणाऱ्या पुनरावर्ती फायलींत ठेवले. अशी फाईल बदलली की फ्लायवे ती क्रमांकित फायलींनंतर पुन्हा चालवते, आणि गिटमध्ये एकाच फाईलचा सलग इतिहास दिसतो. घटकांचा प्रकार बदलला असेल तेव्हा फाईलच्या आरंभी जुन्या प्रकारांसह 'ड्रॉप फंक्शन इफ एक्झिस्ट्स' लिहिणे बंधनकारक केले. व्ह्यूच्या बाबतीत 'क्रिएट ऑर रिप्लेस' शेवटी कॉलम जोडू देते, काढू देत नाही. तिथे व्ह्यू पाडूनच पुन्हा करावा लागतो.

मालकी

पोस्टग्रेसमध्ये 'ऑल्टर'ची परवानगी वेगळी देता येत नाही; टेबलाचा मालक किंवा सुपरयूझरच ते करू शकतो. त्यामुळे सर्व टेबलांची मालकी केवळ मायग्रेशनसाठी असलेल्या एका रोलकडे, म्हणजे डेटाबेसच्या वापरकर्ता-खात्याकडे, दिली, आणि ॲप्लिकेशनच्या व माणसांच्या रोलना वाचन-लेखनापुरत्या परवानग्या ठेवल्या. रात्री खरोखर गरज पडली तर ड्यूटीवरच्या व्यक्तीला तो रोल काही तासांपुरता मिळतो, आणि सकाळच्या आत त्या बदलाची मायग्रेशन फाईल पुनरावलोकनाला आलेली असावी लागते. लॉकची भीती आधी घालवली नसती तर हे निर्बंध एका आठवड्यात मोडले गेले असते. क्रम महत्त्वाचा आहे.

रोज पहाटे वरचीच 'पीजी_डंप'ची तुलना आपोआप चालते आणि फरक आढळला तर टीमच्या चॅनलवर तो जसाच्या तसा येतो. त्यात आजही एक फरक रोज दिसतो: खातेदारांच्या टेबलातला एक कॉलम प्रॉडक्शनवर नवव्या जागी आणि रिकाम्या डेटाबेसवर शेवटी आहे. पोस्टग्रेसमध्ये कॉलमची जागा बदलायची तर टेबल नव्याने बांधावे लागते, आणि कोडमध्ये कुठेही कॉलमांची नावे न देता केलेले 'इन्सर्ट' नाही याची आम्ही खात्री करून घेतली आहे, म्हणून ती एक ओळ तुलनेतून नावानिशी वगळली आहे आणि तिच्याशेजारी कारण लिहून ठेवले आहे.